विलायतेहून येणारा क्रँक

दुकानात नवीन माणूस आला की काउंटरवर मला बघून आधी मागे सरकायचा, वर बोर्ड वाचायचा आणि मग विचारायचा, "भिया नहीं हैं क्या?" आमच्याकडे कुणालाही भिया, म्हणजे भैया, म्हणतात; इथे भिया म्हणजे माझे वडील. ते गेल्यावरही कित्येक वर्षं लोक त्यांनाच विचारत राहिले. मी म्हणायचे, "भिया नहीं हैं, सामान है. बोलो, क्या चाहिए?"

कृष्णपुऱ्याच्या पुलापासून थोडं आत, एका गल्लीत आमचं मोटरसायकलच्या सुट्या सामानाचं दुकान. आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इंदूरला आले. वडिलांना कारकुनी जमली नाही, त्यांनी दुकान टाकलं. मी बी.कॉम. झाले तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून थोडे दिवस गल्ल्यावर बसले. त्यानंतर उठलेच नाही. गेल्या वर्षी दुकान भाच्याच्या हवाली केलं, तेव्हा हात धुवायला बसले तर नखांतलं ग्रीस काही केल्या निघेना.

या धंद्याबद्दल बाहेरच्या लोकांना फार कमी माहीत असतं, म्हणून थोडं सांगते. सामान तीन प्रकारचं. एक कंपनीचं, डब्यात बंद, छापील किमतीचं. दुसरं लोकल, म्हणजे लुधियाना, राजकोट, दिल्ली, कुठं कुठं लहान कारखान्यांत बनलेलं. लोकल म्हणजे खोटं नव्हे, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. त्यातलं काही कंपनीच्या तोंडात मारेल असं असतं, काही आठवड्यात हातात येतं. कोणतं कसलं हे ओळखायचं, त्याचीच तर दुकानदारी. तिसरं सामान 'निघालेलं'. जुन्या, मोडीत गेलेल्या गाडीतून काढलेलं. त्याला भाव नसतो, नशीब असतं.

गिऱ्हाइकाने पार्टचं नाव सांगू नये, तुकडा आणावा, हा माझा नियम. कारण नावं गल्लीगणिक बदलतात. कुणी चेनच्या चाकाला गरारी म्हणेल, कुणी चकरी, आणि पुण्याहून आलेला इंजिनिअर स्प्रॉकेट म्हणेल. तिघांना हवी असते एकच वस्तू. म्हणून लोक वर्तमानपत्रात गुंडाळून, फडक्यात बांधून, एकदा तर चक्क पोह्यांच्या प्लेटमधून तुटके तुकडे घेऊन यायचे. एक दूधवाला होता. तो बेअरिंग कानाशी धरून बोटाने फिरवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मागे रांग लागायची, लोक ओरडायचे, "काय रे भिया, गाना सुन रिया है क्या?" पण त्याचं होईपर्यंत तो हलायचा नाही. पसंत पडलं की म्हणायचा, "हओ, दे दो." त्याच्या गाडीवर दोन्ही बाजूंना दुधाच्या टाक्या. रस्त्यात गाडी थांबली तर दूध नासणार. त्यामुळे ऐकण्याची त्याची तऱ्हा मला कधी वेडेपणाची वाटली नाही.

मग मोबाईल आले आणि गिऱ्हाईक घरी बसून जगभरातून सामान मागवू लागलं. आयटीवाली मुलं लाखांच्या परदेशी गाड्या घेऊन यायची. चीनमधून आरसे मागवलेले, इटलीतून ब्रेकचा खटका मागवलेला, आणि तो बसत नाही म्हणून तोंड बारीक करून माझ्यासमोर उभी. "ताई, फोटोमध्ये तर सेम दिसत होता." मी म्हणायचे, फोटोत सगळेच सेम दिसतात बाबा, म्हणून लग्नं तरी फोटोवरून ठरवू नयेत. पण खोटं कशाला बोलू, काही वस्तू इथे मिळायच्याच नाहीत, आणि बाहेरून येणारी वस्तू पहिल्याच झटक्यात अशी बसायची की बघत राहावं. पुढे मीसुद्धा गिऱ्हाइकांसाठी बाहेरून मागवू लागले. इथलं की तिथलं, या वादात मी कधी पडले नाही. गाडी लवकरात लवकर रस्त्यावर यावी, एवढंच मी बघत होते.

एकदाच तसं झालं नाही. ती गोष्ट पुराणिककाकांची.

पुराणिककाका वीज मंडळातून रिटायर झालेले. आमच्या दुकानाच्या मागच्याच मोहल्ल्यात घर. त्यांच्याकडे एक जुनी इंग्लिश मोटरसायकल होती, साडेतीनशे सीसीची, लष्कराची. महूच्या छावणीतून मोडीत निघालेल्या गाड्यांतली एक कुणीतरी घेतली, त्याच्याकडून काकांनी ऐन जवानीत घेतली. लग्नानंतर काकूंना तिच्यावरून मांडूला नेलं. निखिल झाला, तो टाकीवर बसून शाळेत गेला. काका रोज संध्याकाळी ती काढायचे, राजवाड्याला एक चक्कर मारून परत. दुसरीकडे कुठे जायचं नसायचंच. गाडी वळणावर आली की मोहल्ल्याला आवाजावरून कळायचं, आणि काकू उठून फाटक उघडायच्या.

निखिल शिकला, नोकरीसाठी इंग्लंडला गेला, तिथलाच झाला. बायको, मुलगी, घर, सगळं तिकडे. फोन यायचा, पण बोलायला काही उरलं नव्हतं. काकाच मला म्हणाले होते, "तब्येत कशी, बरी. पाऊस आहे का, आहे. संपलं."

एक दिवस काकांच्या गाडीच्या इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागली. माझ्या शेजारी मोहनलाल मिस्त्रीचं गॅरेज. त्याने इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि मला हाक मारली, "दीदी, आ के देखो. ये तो गया काम से."

इंजिनाच्या पोटात दोन जड लोखंडी चाकं असतात आणि त्यांच्यामध्ये पिस्टनला वरखाली नेणारा दांडा. या सगळ्याला मिळून क्रँक म्हणतात. काकांच्या गाडीत दांडा तर गेलाच होता, पण त्याची पिन ज्या भोकात बसते ते भोकही घासून मोठं झालं होतं. एका चाकाला चीर गेली होती. वेल्डिंग करून चालण्यासारखं ते राहिलं नव्हतं. आपल्या बुलेटचा क्रँक बसत नाही, मापं निराळी. मी दिल्लीला फोन केले, पुण्याला केले. नाही म्हणजे नाही.

काकांनी निखिलला सांगितलं. आणि निखिल, जो पाऊस-पाण्याच्या पुढे बोलत नव्हता, तो एकदम जागा झाला. इंग्लंडमध्ये रविवारी मैदानांवर जुन्या गाड्यांच्या सामानाचे बाजार भरतात. निखिल शोधायला निघाला. बाजारातूनच व्हिडिओ कॉल करायचा. काका तो कॉल घेऊन माझ्या दुकानात यायचे, कारण गाडी उघडून पडलेली बाजूलाच होती आणि मोहनलालला काही विचारायचं असायचं. काउंटरवर फोन उभा करून आम्ही तिघं त्यात बघायचो. ओल्या गवतावर मांडलेली ताडपत्री, तिच्यावर गंजकं लोखंड, छत्र्या घेऊन फिरणारे गोरे म्हातारे.

"बाबा, हे बघा, हे का?"

"अरे ते नव्हे, ते गिअरबॉक्सचं. डावीकडे दाखव. डावीकडे रे!"

"तुमची डावी का माझी डावी?"

काका हसायचे. त्यांचं तसं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तास तास चालायचं. मोहनलाल कुरकुरायचा, "दीदी, इनके चक्कर में मेरा धंदा बैठ जाएगा," पण उठून जायचा नाही.

क्रँक काही लवकर मिळेना, पण बाकी बारीकसारीक पार्सलं यायला लागली. गॅस्केटं आली, टाकीचं झाकण आलं, क्लचची केबल आली. केबलचं पाकीट काकांनी माझ्यासमोरच फोडलं, कौतुकाने हातात धरली, आणि चष्मा वर करून पाकिटाच्या मागचं बारीक वाचलं. मेड इन इंडिया.

मी हसू दाबत म्हटलं, "काका, लुधियानाची दिसते. विलायत फिरून आली."

काकांनी पाकीट चुरगळून खिशात टाकलं. मग म्हणाले, "निखिलला बोलू नकोस हं सुधा. त्याने पावसात उभं राहून घेतलीय."

काकूंना या सगळ्याचा राग होता. एकदा मी घरी गेले तर गॅलरीत पार्सलांचे खोके रचलेले. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडीचं एकेक हाड येतंय बघ. ज्याला यायला पाहिजे तो काही येत नाही."

पावसाळा संपता संपता निखिलला क्रँक मिळाला. एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये, तेलाच्या कागदात गुंडाळलेला. फोनवर बाप-लेक दोघंही ओरडत होते. कुरियरने पाठवायचा तर वजनदार, आणि आधीचं एक पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडकून पडलं होतं. निखिल म्हणाला, "बाबा, मीच घेऊन येतो. दिवाळीला. सगळे येतो."

काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पाणी दे गं."

त्याच सुमारास माझं नशीब उघडलं, किंवा काय म्हणावं ते. गौतमपुऱ्याचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक सामान घ्यायला आला होता. सहज विचारलं, तर म्हणाला की त्यांच्या गावात एकाच्या खळ्यावर तसली एक जुनी फौजी गाडी पडलेली आहे. मी काकांना घेऊन गेले. भाच्याची व्हॅन होती. गोठ्याच्या बाजूला, कडब्याच्या मागे ती गाडी होती. चाकं नाहीत, टाकी नाही, पण इंजिन कुणी न उघडलेलं, तसंच होतं. मेकॅनिकने तिथेच खोललं. आतला क्रँक तेलात असा होता की काल बसवलाय. माप घेतलं. तोच.

शेतकरी म्हणाला, "लई जाओ बेन, म्हारे कईं काम को." घेऊन जा, त्याच्या तरी काय कामाचं.

अशा वेळी जो आनंद होतो तो दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला सांगून कळणार नाही. सगळ्या हिंदुस्थानातून नाही म्हणून आलं होतं आणि वस्तू इथे, आपल्या उसा-सोयाबीनच्या मधे पडलेली होती. येताना मी बडबडत होते, मोहनलालला दोन दिवस लागतील, धनतेरसच्या आत गाडी उभी होईल, निखिलला व्हिडिओ करू. काका मांडीवर क्रँकचं पोतं धरून बसले होते. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले,

"सुधा, हा तुझ्या दुकानात ठेव. मोहनलालला सांगू नको."

"का हो?"

"बसवला तर तो कशासाठी येईल?"

मी गाडी चालवत होते, त्यांच्याकडे बघता आलं नाही. हसत म्हणाले होते, एवढं आठवतं. मी म्हटलं, "काका, तो तुमच्यासाठी येतोय, क्रँकसाठी नाही."

"असेल. पण आता नको. दिवाळी झाली की बघू."

क्रँक मी वरच्या फळीवर ठेवला, पिस्टनच्या खोक्यांच्या मागे.

दिवाळीला निखिलला सुट्टी मिळाली नाही. होळीला येतो म्हणाला. होळीला मुलीची परीक्षा. मग उन्हाळा, तर पोरीला इंदूरचं ऊन सोसायचं नाही. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती. रविवारचे फोनही चालूच होते. आता शोधायचं काही नव्हतं तरी तो बाजारात जायचा, काकांना दाखवायचा, कधी एखादा बोल्ट घ्यायचा. फोन झाला की काका मोहनलालच्या गॅरेजमध्ये जाऊन गाडीवरचं फडकं काढायचे, टाकी पुसायचे, परत झाकायचे. मोहनलाल जागा अडते म्हणून बोलायचा आणि त्यांच्यासाठी स्टूल सरकवायचा.

मी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी तर चिडलेच. "काका, गुडघे बघा तुमचे. या गाडीला किक मारायला जोर लागतो. अजून एक वर्ष गेलं तर गाडी होईल, तुम्ही नाही चालवू शकणार."

ते म्हणाले, "तुला काय वाटतं, मला कळत नाही?" आणि मग, जरा खालच्या आवाजात, "अगं, दर रविवारी फोन येतो. गाडी चालू झाली की परत तब्येत कशी, बरी."

माझ्या सगळ्या धंद्यात सामान फळीवर आणि गाडी उघडी, असं कधी घडलं नव्हतं. येता-जाता माझी नजर त्या फळीकडे जायची. मोहनलालला सांगून टाकावं असं कितीदा वाटलं. त्याने विचारलंही नसतं, सरळ पाना घेतला असता. पण काकांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मी हेही बघत होते की रविवारी त्या माणसाचं वय दहा वर्षांनी कमी होतं. कोणतं जास्त मोठं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

दुसरी दिवाळीही तशीच गेली. थंडी सरत आली असताना एका सकाळी काका दात घासता घासता खाली बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. निखिल मिळेल त्या विमानाने निघाला, पण पोहोचला तोवर सगळं होऊन गेलं होतं. अग्नी पुतण्याने दिला.

तेरावं झाल्यावर तो दुकानात आला. चेहरा ओढलेला, खांद्यावर पिशवी. मला नमस्कार केला आणि पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली वस्तू काढून काउंटरवर ठेवली. क्रँक. अजून तोच तेलाचा कागद.

"फोन आला तेव्हा बॅग भरायला वेळच नव्हता ताई," तो म्हणाला. "कपडे राहिले घरीच. हा मात्र घेतला. का घेतला माहीत नाही."

मी त्या लोखंडाकडे बघत राहिले. मनात एकच, आता याला सांगावं का? नाही सांगितलं तर त्याचं ओझं कमी राहील. पण वरच्या फळीवर दुसरा ठेवून मी याच्याकडून हा कसा घ्यायचा? वेगळं काही सुचेना म्हणून स्टूल ओढलं, वर चढले, खोकी बाजूला केली आणि गौतमपुऱ्याचा क्रँक काढून त्याच्या बाजूला ठेवला.

"निखिल, हा काकांना इथे मिळाला होता. तुला मिळाल्यावर थोड्याच दिवसांनी. त्यांनी मला..."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं, त्याच रात्री. म्हणाले, इथे मिळाला, तू आता धावपळ करू नको, पोरीची शाळा आहे तुझ्या. मीच म्हटलं, बसवू नका बाबा. मी येतो, आपण दोघं बसवू."

"मग आला का नाहीस रे?" माझा आवाज चढला. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते वळून बघायला लागलं.

निखिल क्रँकचा दांडा बोटाने हलवत राहिला. मग म्हणाला, "यायचंच होतं ताई. दर वेळी यायचंच असायचं. पण पार्ट माझ्याकडे होता ना. वाटायचं, काम बाकी आहे. काम बाकी आहे तोवर बाबा कुठे जातायत."

मी गिऱ्हाइकाला ब्रेकशू दिले, सुटे पैसे दिले. परत वळले तर तो अजून तिथेच होता.

आवाज ऐकून मोहनलाल आला. त्याने आधी एका क्रँककडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं ते मी लिहीत नाही. त्याने निखिलला एवढंच विचारलं, "कब तक हो भिया?"

"परसों का टिकट है. आगे बढ़ा लूँगा."

"तो लगा देते हैं. कौन सा लगाऊँ?"

निखिल म्हणाला, "बाबांचा." आणि मोहनलालला समजलं नाही असं वाटून परत म्हणाला, "पापा वाला. गौतमपुरा वाला."

दोघांनी मिळून बसवला. निखिलला काही येत नव्हतं, पण पाने हातात देत होता, दिव्याचा उजेड धरत होता. मी काउंटरवरून बघत होते. मध्येच मोहनलाल त्याला रागवायचा, "भिया, डावी तरफ पकड़ो, डावी तरफ," आणि निखिल तिथेच थांबून तोंड फिरवायचा. कसातरी स्वतःला सावरायचा, परत दिवा धरायचा.

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी मी काकूंजवळ बसायला गेले होते. गाडीचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, निखिलनेही नाही. त्या भाजी चिरत होत्या आणि मी वाटाणे सोलत होते. कुठल्या तरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात वळणावरून आवाज आला.

काकू उठल्या. विळी बाजूला केली, पदराला हात पुसले, चपला न घालताच अंगणात गेल्या आणि फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. एका बाजूचा दगड पायाने सरकवून दाराला लावला. मग रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. गाडी समोर आली तेव्हा त्यांना चालवणारा दिसला.

निखिलने इंजिन बंद केलं नव्हतं, तो पाय टेकवून थांबला होता. मग काकू बाजूला झाल्या आणि त्याला म्हणाल्या, "आण आत. रस्त्यात नको उभी करू."